वन्यप्राण्यांच्या चित्रांची सोन्याची लहान नाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा पहिला वेचा विकून हातात पैसा येतो, दसरा-दिवाळी जवळ असते, आणि घरात ‘एखादं नाणं घेऊन ठेवू’ अशी बोलणी सुरू होतात. अलीकडे कांगारू, पांडा, हरिण असलेली परदेशी नाणी मोबाईलवर दिसतात. वाघ आणि मोर कोरलेली देशी नाणीही मिळतात. विदर्भातल्या गावांतून आणि तालुक्यांतून त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे.

अशा नाण्यात आणि सराफाकडच्या लक्ष्मीच्या नाण्यात फरक काय?

सोने दोन्हींत असते, पण ते पाडणारा वेगळा असतो. ऑस्ट्रेलियाचे कांगारू किंवा चीनच्या पांडाचे नाणे त्या-त्या देशाच्या अधिकृत टाकसाळीत पडते. त्यावर वजन, शुद्धता आणि वर्ष असते आणि त्या देशाच्या चलनातली किंमतही छापलेली असते. ही छापील किंमत नावापुरतीच असते. पांडाच्या १ ग्रॅम नाण्यावर १० युआन लिहिलेले असते, आतले सोने मात्र त्याच्या कितीतरी पट किमतीचे असते. आपल्याकडे लक्ष्मी-गणपतीचे, वाघाचे किंवा मोराचे जे नाणे मिळते ते खासगी कारखान्यात पाडलेले असते. कायद्याने ते चलन नसून पदक आहे. त्याने सोन्याला कमीपणा येत नाही, पण त्यावर दिलेल्या शुद्धतेची हमी पाडणाऱ्याच्या नावावर अवलंबून असते. ते नाव बिलावर आणि पाकिटावर आहे का, हे आधी पाहा.

भारत सरकारचे वाघाचे सोन्याचे नाणे मिळते का?

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या सरकारी ‘इंडिया गोल्ड कॉइन’वर एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी आहेत, प्राणी नाही. त्यात ५ आणि १० ग्रॅमची नाणी आणि २० ग्रॅमची वडी निघाली. ताडोब्याचा वाघ किंवा आपले शेकरू सोन्यावर हवे असेल तर ते खासगी पदकच असणार. ‘सरकारी वाघछाप सोनं’ म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

सोन्याच्या नाण्यावर रानातला प्राणी ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवर समुद्रगुप्त वाघाची शिकार करताना दिसतो, चंद्रगुप्त दुसरा सिंहाची, तर कुमारगुप्त गेंड्याची. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून म्हणून रामटेकजवळच्या नंदिवर्धनला आली. कंपनी सरकारच्या १८३५ च्या मोहरेवरही ताडाच्या झाडापुढे उभा सिंह आहे.

परदेशी नाण्यांत कोणती ओळखीची आहेत? प्रत्येकाची शुद्धता सारखी असते का?

सारखी नसते, आणि फसगत नेमकी इथेच होते.

ऑस्ट्रेलियाचे कांगारू पर्थच्या टाकसाळीत पडते, शुद्धता ९९९.९ (म्हणजे हजारात ९९९.९ भाग सोने). १९८६ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा नाण्यावर खाणीत सापडलेल्या सोन्याच्या ढेकळांची चित्रे होती, कांगारू नंतर आला. याच टाकसाळीचे अर्ध्या ग्रॅमचे इवलेसे कांगारूही मिळते.

चीनचा पांडा १९८२ पासून आहे, शुद्धता ९९९. चित्र बहुतेक दरवर्षी बदलते. २००१ चे चित्र २००२ मध्येही तसेच ठेवले होते, त्यामुळे त्या दोन वर्षांचे चित्र सारखे दिसले तर घाबरू नका. २०१६ पासून पांडा औंसाऐवजी (एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम) ग्रॅममध्ये पडतो: १, ३, ८, १५ आणि ३० ग्रॅम. आपल्या हिशेबाला हे सोपे जाते.

मलेशियाच्या ‘किजांग एमास’वर भेकर आहे. २००१ पासून पाव, अर्धा आणि एक औंस अशा मापांत ते निघते, शुद्धता ९९९.९. मेळघाटात रात्री भुंकल्यासारखा आवाज काढते ते हेच भेकर, म्हणून आपल्या माणसाला हे नाणे चटकन जवळचे वाटते.

दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड १९६७ पासूनचे. त्यावर स्प्रिंगबॉक आहे. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातले काळवीट पाहिलेल्याला तो त्याचाच भाऊबंद वाटेल. पण हे नाणे २२ कॅरेटचे आहे, त्यात तांबे असते आणि रंग लालसर दिसतो. अमेरिकेचे गरुडाचे नाणेही २२ कॅरेटचेच. अमेरिकेचेच बायसनचे नाणे मात्र २४ कॅरेटचे.

क्रुगरँड २२ कॅरेटचे म्हणजे त्यात सोने कमी का?

नाही. एक औंसाच्या क्रुगरँडचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असते आणि त्यात निव्वळ सोने ३१.१ ग्रॅम, म्हणजे पुरता एक औंस. तांबे वरून घातलेले असते. औंसाच्या दहाव्या भागाच्या नाण्याचे वजन ३.३९ ग्रॅम आणि शुद्ध सोने ३.११ ग्रॅम.

मोडायला नेल्यावर ही चूक हमखास होते: सराफ नाण्यावरचे किंवा कागदावरचे ‘१/१० औंस’ वाचून ३.११ ग्रॅम धरतो आणि त्यावर पुन्हा २२ कॅरेटची घट लावतो. ३.११ चे ९१.६ टक्के म्हणजे २.८५ ग्रॅम. चतकोर ग्रॅमपेक्षा जास्त सोने तिथल्या तिथे गेले. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही, तालुक्याच्या पेठेत हे नाणे क्वचितच येते. काट्यावर ठेवायला सांगा. काटा ३.३९ दाखवेल. घट त्या आकड्यावर लावा, उत्तर ३.११ येते.

औंस, तोळा, मासा यांचा मेळ कसा घालायचा?

सोन्याचा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा. आजचा पेठेतला तोळा १० ग्रॅमचा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. जुन्या तोळ्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा. म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. बांधावरच्या वेलीवर लागणारी लाल-काळी गुंज तीच.

पाव औंस म्हणजे पाव तोळा नव्हे. पाव औंस ७.७८ ग्रॅम होतो, पाव तोळा अडीच. औंसाचा दहावा भाग ३.११ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने तीन मासे नि दीड-पावणेदोन गुंजा. भाव विचारताना औंसात बोलू नका, ‘इतक्या ग्रॅमचे’ असेच विचारा.

अर्ध्या किंवा एका ग्रॅमचे नाणे घेणे परवडते का?

भेट द्यायला, बारशाला, मुलीच्या नावाने दरवर्षी एक घालायला परवडते. सोने साठवायला मात्र ते महाग पडते. नाणे पाडायला, तपासायला आणि पाकीटबंद करायला येणारा खर्च १ ग्रॅमला आणि १० ग्रॅमला जवळपास सारखाच असतो, म्हणून लहान नाण्याला ग्रॅममागे घडणावळ जास्त बसते.

हिशेब मांडून पाहा. सोपे जावे म्हणून ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरू, खरा भाव त्या दिवशीचा घ्या. १ ग्रॅमवर ६ टक्के घडणावळ म्हणजे १०,६०० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी ३१८ रुपये. हातात नाणे पडले १०,९१८ ला. मोडताना सराफाने २ टक्के कापले तर त्याच भावात ९,८०० परत येतात. तुमचे पैसे निव्वळ सुटायलाच भाव ११ टक्क्यांहून जास्त चढावा लागतो.

आता १० ग्रॅमचे नाणे, घडणावळ २ टक्के: १,०२,००० अधिक जीएसटी ३,०६०, एकूण १,०५,०६०. मोडताना १ टक्का गेला तर सहा टक्क्यांच्या चढीत पैसे सुटतात. टक्केवारी दुकानागणिक बदलते, पण लहान नाणे महाग पडणे बदलत नाही. दरवर्षी १ ग्रॅम घेण्यापेक्षा पैसे साठवून एकदम ५ ग्रॅमचे एक घेणे बहुतेक वेळा बरे, फक्त मधल्या काळात ते पैसे हातून खर्च होणार नाहीत याची घरच्यांना खात्री हवी.

प्राण्याच्या चित्रामुळे मोडताना जास्त भाव मिळतो का?

तालुक्याच्या सराफाकडे नाही. त्याच्या लेखी पांडा, भेकर आणि लक्ष्मी एकच, तो वजन आणि कस पाहतो. परदेशात जुन्या सालच्या काही पांडा नाण्यांना संग्राहक जास्त पैसे देतात. तो ग्राहक नागपूरच्या इतवारीतही सहज भेटत नाही, मग आर्वी किंवा मेहकरात कुठून भेटणार? म्हणून चित्राचे पैसे द्यायचेच असतील तर ते हौसेचे पैसे म्हणून द्या. गुंतवणूक म्हणून धरायचे ते फक्त आतले ग्रॅम. आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला हे आवर्जून सांगतो, कारण ‘दुर्मीळ मालिका’ या दोन शब्दांवर ग्रॅममागे हजार-दोन हजार जादा घेतले जातात आणि ते परत येत नाहीत.

परदेशी नाणे घरपोच मागवता येते का? नातेवाइकाने आणले तर?

परदेशी संकेतस्थळावर पैसे भरून टपालाने सोने मागवण्याच्या फंदात पडू नका. सोन्याची आयात सरकारने नेमून दिलेल्या संस्थांमार्फत होते. पाकीट सीमाशुल्कात अडकले की सोनेही जाते आणि दंडही लागू शकतो.

परदेशात राहणारा नातेवाईक सोबत आणू शकतो, पण विमानतळावर लाल मार्गाने जाऊन जाहीर करून आणि शुल्क भरूनच. परदेशात वर्षापेक्षा जास्त राहून आलेल्यांना शुल्कातून मिळणारी सूट दागिन्यांपुरती आहे. नाणे आणि बिस्किटाला ती नाही. ‘एकच तर छोटं नाणं आहे’ म्हणून हिरव्या मार्गाने निघालेला माणूस पकडला जातो. शुल्काचा दर सरकार बदलत असते (जुलै २०२४ मध्ये तो १५ वरून ६ टक्क्यांवर आणला होता), म्हणून निघायच्या आधी त्या दिवशीचा दर पाहायला सांगा. शुल्क भरल्याची पावती आयुष्यभर जपायची. मोडताना तीच तुमचे बिल.

नाण्यावर हॉलमार्क नसेल तर ते खोटे का?

तसे नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली हॉलमार्कची सक्ती दागिने आणि सोन्याच्या वस्तूंसाठी आहे. दागिन्यावर अक्षर-आकड्यांचा सहा जागांचा एचयूआयडी असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. परदेशी नाण्यावर हे काही मिळणार नाही. देशी नाणे घेताना मात्र मान्यताप्राप्त शुद्धीकरण कारखान्याचे, ९९९ किंवा ९९५ शुद्धतेचा शिक्का असलेले आणि पाकीटबंद तेच घ्या.

पाकीट उजेडाकडे धरून चारी कडा बघा. चिकटवलेली कड एखाद्या ठिकाणी फुगलेली, पांढुरकी किंवा दुहेरी दिसली तर ते उघडून पुन्हा बंद केलेले असू शकते. पाकिटावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. दुकानदार ‘गरज नाही’ म्हणाला तरी घ्या.

घरी तपासता येईल का?

बऱ्याच अंशी. सोने फार जड असते आणि तोच त्याचा पुरावा. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या आसपास, पितळेची त्याहून थोडी कमी. पितळेचे नाणे सोन्याइतक्याच वजनाचे करायचे तर ते दुपटीहून जाड किंवा बरेच रुंद करावे लागते. त्यामुळे वजन आणि माप दोन्ही एकदम जुळवणे पितळेला जमत नाही. १ ग्रॅमचा पांडा १० मिलिमीटर रुंद असतो आणि ३ ग्रॅमचा १८ मिलिमीटर. काट्यावर वजन घ्या, मापकाने रुंदी घ्या, टाकसाळीने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

पाण्याची परीक्षा याहून पक्की. ती सुट्या नाण्यासाठी आहे, पाकीटबंद नाण्याचे पाकीट त्यासाठी फोडू नका. नाणे आधी कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने नाणे बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलकेच झटका. आता काट्यावर येईल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. १० ग्रॅमच्या शुद्ध नाण्याला पाण्यात ०.५२ च्या आसपास आकडा येतो आणि ५ ग्रॅमला ०.२६. २२ कॅरेटला भागाकार साडेसतराच्या आसपास येतो. अकरा-बारा किंवा त्याहून कमी आला तर आत चांदी किंवा तांब्यासारखा हलका धातू आहे.

गफलत होते ती काट्यामुळे. मोबाईलवरून मागवलेला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजतो. १ ग्रॅमच्या नाण्याला पाण्यातला आकडा ०.०५ येतो. तिथे एक अंक इकडेतिकडे झाला की भागाकार १६ पासून २५ पर्यंत कुठेही जातो. ३ ग्रॅमच्या खालचे नाणे अशा काट्यावर तपासून कोणावर आळ घेऊ नका. त्यासाठी मिलिग्रॅम दाखवणारा सराफाचा काटा हवा.

लोहचुंबक फक्त लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतो. पितळ, तांबे, चांदी त्याला चिकटत नाहीत, म्हणून ‘चुंबक चिकटला नाही, म्हणजे सोनं’ हे म्हणणे चूक. सराफाचे कस मोजणारे क्ष-किरणांचे यंत्र वरचा अगदी पातळ थर वाचते. जाड मुलामा असेल तर त्यालाही चकवा बसतो, म्हणून यंत्राच्या आकड्यासोबत वजन आणि माप पाहायचेच. कसोटीच्या दगडावर घासून तेजाब लावल्याने नाण्याची कड झिजते. पाकीटबंद नाण्यावर हे करू देऊ नका.

नाण्यावर लाल डाग पडले. सोने खराब झाले का?

नाही. ९९९.९ शुद्धतेच्या नाण्यावरही कधी कधी टाचणीच्या टोकाएवढे लाल-तपकिरी ठिपके येतात. पाडताना पृष्ठभागावर राहिलेला तांब्याचा किंवा चांदीचा कण हवेने काळवंडतो, एवढेच. वजनात आणि कसात फरक पडत नाही. त्यावर चिंच, रिठा, राख, दंतमंजन काहीही घासू नका. २४ कॅरेट सोने इतके मऊ असते की सुती फडक्यानेही बारीक चरे उठतात. हाताळायचेच झाले तर कडेला धरून, मऊ कापड खाली अंथरून. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काही वर्षांनी चिकट द्रव सुटतो. कडक पारदर्शक डबी दहा-वीस रुपयांत मिळते, ती वापरा.

कडी लावून पोतेत किंवा गाठीत ओवायचे आहे. चालेल?

डाग देऊन कडी लावली की ते नाणे राहत नाही. झाळणात हलका धातू असतो, म्हणून मोडताना सराफ पूर्ण नाण्याला दागिन्याची घट लावतो. भोक पाडले तर वजनही जाते. घालायचेच असेल तर नाण्याला न झाळता कडेने पकडणारी चौकट करून घ्या. चौकट २२ कॅरेटची आणि नाणे २४ चे, अशी दोन्हींची वजने बिलावर वेगवेगळी लिहून घ्या.

याच्या जोडीने एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: सोन्यात मढवलेले वाघनख. वाघाचे चित्र असलेले नाणे गळ्यात घालायला कसलीच आडकाठी नाही. खरे वाघनख बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. ते मढवून देणारा कारागीरही त्यात अडकतो. ‘आजोबांच्या वेळचं आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही.

नाणी तारण ठेवून पेरणीसाठी कर्ज मिळते का?

मिळते, पण मर्यादेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका कर्जदाराची तारण नाणी एकूण ५० ग्रॅमपेक्षा जास्त असता येत नाहीत. बिस्किटे, वड्या तारण घेतच नाहीत. अनेक शाखा बँकेनेच विकलेल्या नाण्यांशिवाय इतर नाणी घ्यायला तयार नसतात. परदेशी नाण्याला तर हमखास नकार येतो. जूनमध्ये अडचण येईल असे वाटत असेल तर नाणे घेण्याआधी आपल्या शाखेत विचारून या. या एका कामासाठी दागिना नाण्यापेक्षा सरस ठरतो.

बँकेकडून नाणे घेण्याचा विचार असेल तर लक्षात असू द्या: बँका नाणे विकतात, परत विकत घेत नाहीत.

कागदपत्रे आणि कर?

पक्के बिल घ्या. त्यावर वजन, शुद्धता, त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे हवेत. दोन लाखांच्या वरच्या व्यवहाराला पॅन लागतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख सराफाला घेताच येत नाही, चेक किंवा खात्यातून द्या.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण सोने विकून झालेला नफा शेतीचे उत्पन्न नव्हे. २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. पैसा कापसाचा किंवा संत्र्याचा असेल तर चुकाऱ्याची पावती त्याच बिलाला टाचून ठेवा. विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम सोने झडतीत जप्त करत नाहीत, हे सगळ्यांना पाठ असते. १९९४ ची ती सूचना दागिन्यांची आहे. नाण्यांच्या बाबतीत बिलच कामी येते.

नांगरताना जुने नाणे सापडले, किंवा कोणी ‘हंड्यातली’ नाणी स्वस्तात देतो म्हणाला तर?

जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. वितळवू नका, घासून पुसू नका, जागा दाखवून ठेवा.

हंड्यातली नाणी विकणाऱ्यांची रीत ठरलेली असते. नमुना म्हणून एक खरे नाणे देतात, ‘जा, सराफाकडे तपासून ये’ म्हणतात. सराफ ते खरे असल्याचे सांगतो. मग रात्री, गावाबाहेर, घाईघाईत पिशवीभर नाणी देतात आणि ती पितळेची निघतात. नमुना तपासला म्हणजे माल तपासला असे होत नाही. गुप्तधनासाठी अघोरी पूजा मांडणारा कोणी असेल तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतो. ठाण्यात कळवा.

घरात कुठे ठेवावे?

धान्याच्या कोठीत, चुलीमागे किंवा जमिनीत नको. ठेवणाऱ्याला काही झाले तर घरच्यांना पत्ताच लागत नाही, आणि कोठी रिकामी करताना डबी भंगारात गेली तरी कळत नाही. बँकेच्या लॉकरला वारस नोंदवा. आग, चोरी, घरफोडी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडे २,००० असेल तर २ लाख. त्याहून जास्त सोने असेल तर दोन ठिकाणी विभागून ठेवा.

नाण्याच्या डबीत एक कागद घाला: नाण्याचे नाव, एकूण वजन, शुद्ध सोन्याचे वजन, कॅरेट, पाकिटाचा क्रमांक, कधी आणि कुठे घेतले. क्रुगरँड असेल तर ‘३.३९ ग्रॅम, २२ कॅरेट, शुद्ध ३.११’ हे ठळक लिहा. बिलाची छायांकित प्रत डबीत, मूळ बिल दुसरीकडे. थर्मल कागदावरचे बिल दोन-तीन वर्षांत कोरे होते, म्हणून त्याची प्रत आणल्या दिवशीच काढा.